जुन्या पिकअपच्या चार्जिंगसाठी डीसी क्लॅम्प मीटर: कुठे कामाला येतो, कुठे फसवतो

जुन्या पिकअपची बॅटरी वरचेवर उतरू लागली की आधी नवी बॅटरी येते, मग डायनामो (अल्टरनेटर) खोलला जातो, आणि दोष शेवटी इंजिन-चेसिसमधल्या गंजलेल्या अर्थ पट्टीत सापडतो. शोध योग्य टोकापासून सुरू करायचा तर डीसी क्लॅम्प मीटर हाताशी हवा. हे परीक्षण एखाद्या कंपनीच्या मीटरचं नाही, या प्रकाराचं आहे: 60 आणि 600 अँपिअर अशा दोन रेंज, व्होल्टेजसाठी दोन प्रोब आणि वायरभोवती अडकवायचा जबडा.

घेतानाच एक फसगत होते. क्लॅम्प मीटर म्हणून मिळणारे बरेच मीटर फक्त एसी करंट मोजतात; गाडीच्या बॅटरीच्या केबलवर ते शून्याखेरीज काही दाखवत नाहीत. डीसीसाठी जबड्यात हॉल सेन्सर (चुंबकक्षेत्र ओळखणारा) लागतो. डायलवर ‘ए’ अक्षराशेजारी सरळ रेघ, तिच्याखाली तुटक रेघ आणि जोडीला ‘झीरो’ बटण दिसलं तरच घ्या.

सुरुवात मात्र प्रोबनेच. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास हवी, 12.2 म्हणजे निम्मी रिकामी. अशी बॅटरी आधी बाहेरून चार्ज करा, नाहीतर पुढचे सगळे आकडे दिशाभूल करतात. इंजिन 1500 आरपीएमवर ठेवलं की 13.8 ते 14.5 व्होल्ट यायला हवेत. इतकं लायटर सॉकेटमधला छोटा व्होल्टमीटरही सांगतो, आणि बहुतेक तपासण्या इथेच ‘चार्जिंग ओके’ म्हणून संपतात. सगळे दिवे बंद असतानाचे 14.2 व्होल्ट फारसं काही सिद्ध करत नाहीत.

हेडलाइट हाय बीमवर, ब्लोअर फुल, वायपर चालू. आता बॅटरीच्या पॉझिटिव्हला जाणाऱ्या सगळ्या वायरी एकत्र जबड्यात घ्या. एकही बाहेर राहिली तर आकडा खोटा. जबड्यावरचा बाण बॅटरीकडे ठेवला तर अधिक म्हणजे बॅटरीत करंट जातोय, उणे म्हणजे बॅटरीच भाराला करंट पुरवतेय. रेस दिलेली असतानाही उणे 10 दिसत असेल तर डायनामो तरी कमी पडतोय किंवा त्याचा करंट वाटेत अडतोय.

मग जबडा डायनामोच्या मुख्य वायरवर. इथे हमखास होणारी चूक: प्लेटवर 60 अँपिअर लिहिलंय, मीटर 18 दाखवतो, म्हणजे डायनामो गेला! तसं नाही. डायनामो मागितलं तेवढंच देतो आणि भरलेली बॅटरी जेमतेम दोन-चार अँपिअर घेते. पूर्ण क्षमता बघायची तर कार्बन पाइल लोड टेस्टरने (बॅटरीवर हवा तेवढा मोठा भार टाकणारं उपकरण) भार लावावा लागतो.

या मीटरची खरी कमाई आहे ती करंट आणि व्होल्टेज ड्रॉप (वाटेत घटणारं व्होल्टेज) एकाच भारावर लागोपाठ बघण्यात. वायरमधून 30 अँपिअर जात असताना एक प्रोब डायनामोच्या आउटपुट बोल्टवर आणि दुसरा बॅटरीच्या खांबावर धरा. खांबावर बसलेल्या केबलच्या क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खांबावर. 0.3 व्होल्टपर्यंत ठीक. डायनामोची बॉडी ते निगेटिव्ह खांब 0.2 च्या आत. पॉझिटिव्ह बाजूला 0.9 आले तर डायनामो 14.3 व्होल्ट बनवतोय आणि बॅटरीला 13.4 मिळताहेत, मधल्या कुठल्यातरी जोडात 27 वॅट उष्णता जळतेय. प्रोब एकेक जोड पुढे सरकवत जा: बोल्ट, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी), फ्युजिबल लिंक (जास्त करंट गेला की जळणारा वायरचा तुकडा), टर्मिनल. लिंकचं वरचं कव्हर शाबूत दिसलं तरी हलकेच ओढा. रबरासारखी ताणली गेली तर आतली तार जळालीय. कटआउट (डायनामोचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) वेगळा बसवलेला असेल तर त्याला अर्थिंग त्याच्या स्क्रूमधून मिळतं. तिथे गंज किंवा रंग असला की कटआउटला व्होल्टेज कमी भासतं, तो डायनामोला आणखी जोर लावायला सांगतो, आणि 15 च्या वर गेलं की बॅटरीचं पाणी उडायला लागतं.

डायोडसाठी (डायनामोतला एसी करंट डीसी करणारे भाग) इंजिन चालू ठेवून एसी व्होल्टवर जाऊन बॅटरीच्या दोन्ही खांबांवर प्रोब धरा. 0.1 पर्यंत चालेल, 0.5 म्हणजे डायोड प्लेट संशयित. प्रोब उलटे करून पुन्हा बघा. दोन आकड्यांत मोठा फरक आला तर दोष मीटरचा आहे, स्वस्त मीटरची एसी रेंज डीसीही मोजते.

इंजिन बंद करून मुख्य वायरवर जबडा लावला तर शून्य यायला हवं. 0.5 अँपिअर दिसला तर डायोड उलटा गळतोय: बारा तासांत 6 अँपिअर-तास, म्हणजे 60 च्या बॅटरीचा दहावा भाग. एवढी गळती हा मीटर सहज पकडतो. बारीक गळतीत मात्र तो कच्चा. बंद गाडीत 50 मिलिअँपिअरपर्यंत चालतं, आणि नुसता मीटर फिरवला तरी पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे आकडा 20-30 मिलिअँपिअर इकडेतिकडे होतो. वायरशेजारी, त्याच दिशेला धरून झीरो करा, तरीही फार विश्वास नको. त्या कामाला साधा मल्टिमीटर निगेटिव्ह केबलमध्ये सिरीजला जोडावा, 10 अँपिअरच्या सॉकेटमध्ये. तो जोडलेला असताना सेल्फ मारलात तर फ्यूज गेलाच.

डॅशवरचा लाल दिवा चावी ऑन करूनही लागत नसेल तर आधी तो बल्ब बदला, मीटर पेटीतच राहू द्या. बऱ्याच जुन्या गाड्यांत डायनामोला पहिला करंट त्या बल्बमधूनच मिळतो. आणि चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढून डायनामो तपासायची सवय सोडाच: उसळलेलं व्होल्टेज चांगले डायोड आणि कटआउट दोन्ही घेऊन जातं.

जबड्याची जाडीही घेण्याआधी बघा. जाड जबडा डायनामोच्या मागच्या अडचणीत शिरत नाही, आणि फॅन बेल्टजवळ चालत्या इंजिनवर हात घालून तो बसवायचा नसतो. ती वायर बॅटरीच्या बाजूला जिथे मोकळी मिळते तिथे धरा, आकडा तोच येतो.