पणजीच्या मळा भागातला एक बार आणि उर्राकावरची लिंबाची साल

मी सावंतवाडीचा, त्यामुळे उर्राक मला नवा नाही. काजूच्या बोंडूंचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की उर्राक, तोच परत भट्टीवर चढवला की फेणी. फेणी साधारण 42 टक्क्यांची, उर्राक त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणूनच त्यात लिम्का ओतला की बोंडूचा वास बुडतो, उरते ती साखर. आम्ही वर्षानुवर्षं तसाच प्यायलो.

एप्रिलमध्ये पणजीला मळा नावाच्या भागातल्या एका छोट्या बारमध्ये गेलो. तिथे लिम्का ठेवतच नाहीत. लिंबाच्या साली साखरेत चुरून रात्रभर झाकून ठेवतात. सकाळपर्यंत सालीतलं तेल साखर ओढून घेते आणि खाली दाट पाक साचतो. त्यात ताजा रस, थोडं आलं. ग्लासात उर्राक, या पाकाचे दोन चमचे, सोडा, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. बस्स.

सगळ्यात आवडली ती शेवटची कृती. कागदी लिंबाची साल पातळ, तिची रुंद पट्टी निघत नाही, म्हणून ते जाड सालीचं ईडलिंबू वापरतात. काउंटरवरचा मुलगा पट्टी सोलतो, आतला पांढरा भाग सुरीने खरवडून टाकतो (कडवटपणा तिथेच असतो), आणि ग्लासावर धरून मुरडतो. तेलाचे बारीक थेंब उडतात. पहिला घोट घ्यायच्या आधीच नाकात लिंबू भरतं, आणि मग जिभेवर बोंडू येतो. इतका स्वच्छ उर्राक मी प्यायलो नव्हतो.

आगळ घातलेलं फेणीचं पेयही घेतलं. आगळ घरचं, कोकमांना मीठ लावून काढलेलं, रंग सुरेख. पण आगळ मुळात खारट, आणि ग्लासाच्या काठाला पुन्हा मीठ. अर्धा ग्लास ठेवला. सांगितल्यावर त्यांनी काठाला मीठ न लावता दुसरा करून दिला, पैसे घेतले नाहीत. तो छान होता.

उर्राक 280 रुपये. भट्टीवरच्या भावाशी तुलना करू नये, इथे मेहनतीचे पैसे आहेत. गाणी मात्र फार मोठ्याने लावतात.

संध्याकाळी सातच्या आत जा. काउंटरला दोनच स्टुलं आहेत, साल सोलताना पाहायची तर तिथेच बसायला हवं. आणि मे संपायच्या आत जा, नंतर त्यांच्याकडे उर्राक नसतो.