गोड्या पाण्याचं ऑनलाइन साहित्य: पाचवी ते आठवीच्या वर्गांत वर्षभर वापरल्यानंतर

मत आधीच सांगून टाकतो. नेटवर गोड्या पाण्याबद्दल फुकट साहित्य ढीगभर आहे, पण त्यातलं बरंचसं वाळूच्या जमिनीचं आणि बर्फाच्या डोंगरांचं आहे. आपल्या काळ्या पाषाणावर आणि चार महिन्यांच्या पावसावर ते बेतून घ्यावं लागतं. जे तसं बेतता आलं, तेच वर्गात टिकलं.

सर्वांत जास्त कामाला आलं ते अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं, म्हणजे यूएसजीएसचं 'वॉटर सायन्स स्कूल' हे संकेतस्थळ. त्यांची स्वतःची चित्रं सर्वांसाठी खुली आहेत, त्यामुळे मराठी नावं चिकटवून छापायला परवानगी लागत नाही. २०२२ मध्ये त्यांनी जलचक्राचं नवं चित्र काढलं. त्यात शेती, शहरं, उपसा हे सगळं दिसतं. आपल्याकडच्या तक्त्यांत समुद्र, ढग, डोंगर, नदी असतात आणि माणूस गायब. मग पाणी वाचवायचं कुणी? फक्त हे चित्र एफोरवर छापू नका, अक्षरं वाचता येत नाहीत. एथ्री घ्या.

'पृथ्वीवरचं पाणी एका लिटरमध्ये' हा प्रयोग जवळपास प्रत्येक साइटवर आहे. कुठे गोडं पाणी ३ टक्के, कुठे २.५ टक्के, आणि मुलं लगेच पकडतात. २.५ टक्के धरा. ९७५ मिली बाजूला काढून त्यात मीठ घाला. उरलेल्या २५ मिलीतलं सुमारे १७.२ मिली हिमनद्या आणि हिमटोप्यांचं, साडेसात मिली भूजल. हे मोजायला १० मिलीची बिनसुईची सिरिंज हवी, कपाने जमत नाही. शेवटी राहतं ०.३ मिली, म्हणजे ड्रॉपरचे सहा थेंब. त्यातलेही चार थेंब गोठलेल्या जमिनीतल्या बर्फाचे, एखादा थेंब तलावांचा. जगातल्या सगळ्या नद्या एका थेंबातही दिसत नाहीत. सूचनांमध्ये बहुधा 'सहा थेंब नद्या-तलावांचे' एवढंच लिहिलेलं असतं, ते दुरुस्त करून सांगा.

भूजलाचे धडे मात्र जसेच्या तसे वापरू नयेत. बरणीत वाळू-खडी, वरून पाणी, मध्ये पंप हे मॉडेल गंगेच्या खोऱ्याला चालतं. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून जास्त भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. तिथे पाणी साठतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. केंद्रीय भूजल अंदाजाच्या पद्धतीत वाळूच्या गाळासाठी विशिष्ट उत्पादन (पातळी उतरताना थरातून निथळून मिळणाऱ्या पाण्याचा वाटा) साधारण १६ टक्के धरतात, भेगाळ-मुरमाड बेसॉल्टसाठी २ टक्के. एका हेक्टरखाली पातळी एक मीटर उतरली, तर वाळूतून १६ लाख लिटर निघतात, आपल्याकडे जेमतेम २ लाख. विहीर जानेवारीत का आटते, ते या एका आकड्यात आहे.

म्हणून दोन सारख्या बरण्या घ्या. एकीत धुतलेली कोरडी वाळू, दुसरीत फरशीचे तुकडे उभे, एकमेकांना खेटून, वर दोन बोटं मुरूम. मोजपात्राने काठोकाठ पाणी भरा आणि दोन्हींत किती मावलं ते लिहा. उपशाला लिक्विड सोपच्या बाटलीचा पंप चालतो. नळीच्या टोकाला जुन्या मोज्याचा तुकडा बांधा, नाहीतर दुसऱ्याच दाबाला वाळू अडकून पंप बसतो. वाळू न धुता घेतली तर पाणी गढूळ होतं आणि पातळी दिसत नाही.

फाशांच्या जलचक्र खेळात मुलं पाण्याचे थेंब बनून ढग, नदी, माती, समुद्र अशा ठिकाणी फासा टाकत फिरतात. चाळीसच्या वर्गात सगळी समुद्रावर तुंबतात, कारण तिथल्या फाशावर 'इथेच थांबा' जास्त वेळा येतं. शास्त्र बरोबर आहे, फक्त तिथे तीन-चार फासे ठेवा. हिमनदीचं ठिकाण काढून धरण आणि विहीर घातली की खेळ आपला होतो.

मराठी गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' चांगलं. भाषा आणि पातळी निवडता येते, परवाना खुला आहे, पीडीएफ छापता येतो. काही भाषांतरं खडबडीत आहेत, आधी मोठ्याने वाचून पाहा. अरविंद गुप्तांच्या साइटवर मराठी पुस्तकं आणि टाकाऊतून टिकाऊ प्रयोग भरपूर, पण पाण्याचे वेगळे काढायला वेळ द्यावा लागतो. 'इंडिया वॉटर पोर्टल' हे शिक्षकाने स्वतःच्या तयारीसाठी वाचावं, मुलांपुढे ठेवायला जड आहे.

घरच्या पाण्याचे तक्ते सरळ नवे करा. परदेशी तक्त्यांत शॉवरची मिनिटं आणि डिशवॉशर विचारतात. आपल्या तक्त्यात बादली, हंडा, पिंप असू दे, आणि प्रत्येकात किती लिटर मावतं हे मुलांनी आधी एक लिटरच्या बाटलीने मोजावं. आलेला आकडा जलजीवन मिशनच्या दरडोई रोजच्या ५५ लिटरशी आणि शहरांसाठीच्या १३५ लिटरशी ताडून पाहता येतो. टँकरवर जगणाऱ्या घरातल्या मुलाला 'बचत कर' सांगणं मात्र क्रूर आहे. तिथे 'पाणी कुणी भरलं, किती लांबून' हे दोन रकाने वाढवा आणि बचतीचा रकाना काढून टाका.