आईसाठी ज्येष्ठांच्या विवाह मंडळात नाव घातलं, पुण्यातला अनुभव

बाबा गेल्यावर आई फारच एकटी पडली होती म्हणून इथे नाव घातलं, ती "या वयात लोक काय म्हणतील" करत होती पण मेळाव्याला आली एकदाची. मला सगळ्यात आवडला तो त्यांचा फॉर्म. पत्रिका-गोत्र राहिलं बाजूला, आधी औषधं कुठली चालू, घर कोणाच्या नावावर, मुलांना सांगितलंय का हे सरळ विचारतात. पेन्शनचंही नीट समजावतात आणि हे फार गरजेचं आहे, कारण ईपीएस ९५ ची (म्हणजे पीएफवाल्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शन योजनेची) विधवा पेन्शन पुनर्विवाह केला की बंद होते, म्हणून बऱ्याच बायका लिव्ह-इनचा विचार करतात पण त्यात हिंदू वारसा कायद्याने जोडीदाराला वारसाहक्क मिळत नाही, मग मृत्युपत्र हवंच.

हॉल मात्र दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गुडघेदुखीवाल्यांनी चढायचं कसं? हे खरंच बदला. बायकाही कमीच होत्या.

चहाच्या वेळी आई एका काकांशी बोलत बसली, ते त्यांच्या मिसेस चहात गवती चहा किती घालायच्या ते सांगत होते, आईने बाबांचं ब्रिजचं वेड सांगितलं, दोघं आपापल्या गेलेल्या माणसांबद्दलच बोलत होते आणि आई कितीतरी दिवसांनी मनापासून हसली. आता रोज फोन असतो.

फी परवडते. जाताना जोडीदाराचा मृत्यूचा दाखला आणि आधार न्या, नाहीतर नोंदणी करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.