फिटनेस बँडचे दहा महिने: फोंड्याच्या पावसात चालणं टिकलं ते असं

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी फिटनेस बँड घेतला. आता नोव्हेंबर संपत आलाय. घेण्याआधी नेटवर बरेच अनुभव वाचले होते, पण बहुतेक सगळे पहिल्या आठ-पंधरा दिवसांत लिहिलेले. पंधरा दिवस कोणीही चालतं हो. ही वस्तू कामाची आहे की नाही ते जुलैच्या धारेत कळतं, घरात पाहुणे असताना कळतं. म्हणून मुद्दाम दहा महिने थांबून लिहितेय. कंपनीचं नाव देत नाही. अडीच-तीन हजारांतले बँड आतून बरेचसे सारखे असतात आणि मला सांगायचंय ते त्यातल्या कुठल्याही बँडला लागू पडेल.

मी ४८ वर्षांची, फोंड्यात राहते, शाळेत शिकवते. गेल्या डिसेंबरात रक्त तपासलं तर एचबीएवनसी ६.१ आलं. ही तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेह अजून घरात आलेला नाही, पण उंबऱ्यावर उभा आहे. माझ्या आईने शेवटची बारा वर्षं इन्सुलिन घेतलं, तेव्हा तो आकडा बघून माझ्या पोटात गोळा आला. आमच्या गोव्याची गोष्टही काळजीचीच आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली आलेल्या पाहणीत देशात मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ता नको, सहा महिने चाला आणि रात्रीचा भात निम्मा करा.

चालायला मी याआधीही तीनदा सुरुवात केली होती आणि तीनही वेळा दोन महिन्यांच्या आत ते सुटलं होतं. या वेळी मोजणारं काहीतरी हाताला असावं असं वाटलं, म्हणून हा बँड.

पहिले सहा आठवडे बँडने मला अक्षरशः ओढून नेलं. मनगट थरथरलं की उठायचं. ॲपमध्ये रोजचं लक्ष्य आधीपासून १०,००० पावलांचं ठेवलेलं होतं, मी ते तसंच राहू दिलं. शाळा, घर, स्वयंपाक धरून माझी दिवसाला तीन-साडेतीन हजार होतात. उरलेली साडेसहा हजार चालून काढायची म्हणजे तास-सव्वा तास. फेब्रुवारीच्या मध्यावर टाचा धरल्या, पाठोपाठ परीक्षांचे पेपर आले आणि चार दिवस काहीच झालं नाही. पाचव्या दिवशी बँड हातात घालायलासुद्धा नको वाटलं. आधीच्या तीन वेळाही नेमकं असंच झालं होतं.

मुलगी पुण्याला शिकते. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, हे दहा हजार आलं कुठून ते तरी बघ." बघितलं. १९६५ साली जपानमधल्या यामासा कंपनीने पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आणलं, त्याचं नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा तिथून रूढ झाला, डॉक्टरांकडून आला नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांवर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे आणखी फायदा फारसा दिसला नाही. त्या वयाने माझ्यापेक्षा मोठ्या, तरी मला हायसं वाटलं. त्या रात्री मी लक्ष्य ६,००० केलं. घरकामातली तीन हजार सोडली तर राहतं अर्ध्या तासाचं चालणं. मिनिटाला साधारण शंभर पावलं पडली की ते मध्यम वेगाचं धरतात. रोज अर्धा तास म्हटलं तर आठवड्यातले पाच दिवसच १५० मिनिटं भरतात, जागतिक आरोग्य संघटना कमीत कमी तेवढंच सांगते.

बँड घेणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: डबा उघडल्या दिवशी ते लक्ष्य बदला.

आता वस्तूबद्दल. बॅटरी डब्यावर चौदा दिवस लिहिलीय, मला आठ दिवस मिळते, कारण नाडी सतत मोजायला ठेवलीय. झोपेच्या आकड्यावर मी विसंबत नाही. अंथरुणात पडून तासभर वाचलं तर तेही झोपेत धरतो. नाडी मात्र बसल्या जागी बरोबर दाखवतो, घरच्या बीपीच्या यंत्राशी दोन-तीन ठोक्यांचा फरक. पाठीमागे जो हिरवा उजेड लुकलुकतो त्यावरून कातडीखालचं रक्त मोजलं जातं, त्यामुळे पट्टा सैल असेल तर आकडा भरकटतो. मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर आणि नीट आवळून बांधला तर ठीक. फर्मागुढीच्या चढावर तो थोडा मागे पडतो. आपल्याला धाप लागून मिनिट झाल्यावर त्याला कळतं.

पावलांचा हिशेब तो हाताच्या हेलकाव्यावरून करतो आणि इथेच गोव्याचा पाऊस आडवा येतो. छत्री डाव्या हातात, बँड डाव्या मनगटावर. छत्री धरलेला हात हलत नाही. जूनमध्ये एकदा मी तोंडाने २०० पावलं मोजली, बँडने १३१ धरली. तेव्हापासून पावसात बँड उजव्या हातात घालते. उलट चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी पाटावर बसून दोन तास नेवऱ्या (करंज्या) लाटल्या, जागची हलले नाही, तर साहेबांनी साडेआठशे पावलं दिली! खड्ड्यांतून स्कूटर नेली तरी चाळीस-पन्नास जमा होतात. म्हणून रोजच्या शंभर-दोनशेच्या फरकाला मी किंमत देत नाही, आठवड्याची बेरीज बघते.

पट्टा सिलिकॉनचा. मे महिन्यात त्याच्याखाली घाम साचून गोल पुरळ उठलं. डॉक्टरांनी साधा उपाय सांगितला, रात्री काढून ठेवायचा, पट्टा साबणाने धुऊन पूर्ण वाळवायचा, मग घालायचा. आमच्याकडे जून-जुलैत कपडे वाळत नाहीत तिथे पट्टा कसा वाळणार, म्हणून फ्रिजच्या मागच्या उबेत टांगून ठेवते. पुरळ परत आलं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ॲपमध्ये सलग किती दिवस लक्ष्य गाठलं याचा आकडा दिसतो. ६ मार्चपासून माझा तो आकडा चढत गेला. पन्नास झाला, शंभर झाला, मुलीला फोटो पाठवले. आनंद होता, खोटं कशाला बोलू. पण जूनमध्ये एका रात्री अंगात १०१ ताप असताना साडेदहा वाजता मी खोलीत येरझाऱ्या घालत होते, सहाशे पावलं कमी होती म्हणून. ह्यांनी दारात उभं राहून विचारलं, "हे तब्येतीसाठी चाललंय ना?" मला उत्तर देता आलं नाही.

१ जुलैला आकडा ११८ झाला. २ जुलैला बँड चार्ज होईना. दुकानदाराने दुरुस्तीला पाठवला, आठवडाभर म्हणाले, लागले १९ दिवस. ॲपवर सलग दिवस: शून्य.

ते एकोणीस दिवस नसते तर हा अनुभव मी लिहिलाच नसता. पहिल्या सकाळी खरंच वाटलं, मोजलं जाणारच नाही तर आज कशाला? बाहेर कौलांवर नुसता धबधबा. तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या वहिनींचा मेसेज: "सकयल रावल्यां." खाली उभी आहे. आम्ही दोघी एप्रिलपासून बरोबर चालतो. कोरड्या दिवसांत साफा मशिदीच्या तळ्यापर्यंत जाऊन परत, रविवारी पुढे फर्मागुढीपर्यंत. मुसळधार असेल तर इमारतीखालच्या पार्किंगमध्ये. खांबांच्या बाहेरून एक फेरा पंचाहत्तर पावलांचा, चाळीस फेरे म्हणजे अर्धा तास. वळणावर वरच्या पाईपचं पाणी ठिबकतं तिथे जपून पाय टाकायचा. त्या दिवशी वहिनी तिथे रेनकोट हातात घेऊन उभ्या होत्या, वर येऊन बेल वाजवली नाही, काही नाही. मी चपला बदलल्या आणि खाली गेले.

चाळीस फेऱ्यांत आम्ही त्यांच्या सुनेचं बाळंतपण, माझ्या सातवीचा वर्ग आणि नारळाचा भाव एवढं सगळं बोललो. परत आल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलने एक टिंब काढलं. १९ दिवसांत टिंबं १६ झाली. बँड नव्हता, आकडा शून्य होता, आणि मी चालत होते.

त्याआधी मला वाटायचं की मला बँड उठवतो. मला उठवत होती ती पाच वीसची वेळ आणि खाली कोणीतरी उभं असणं. बँडने ती वेळ बसवून दिली, त्याचं ते श्रेय मी काढून घेत नाही. पहिले सहा आठवडे तो नसता तर एप्रिल आलाच नसता.

दुरुस्त होऊन आल्यावर मी त्याच्या सगळ्या सूचना बंद केल्या. तासाला उठा, इतकी बाकी, शाबास, सगळं बंद. सलग दिवसांचा आकडा पहिल्या पानावरून काढून टाकला. फक्त रविवारी रात्री आठवड्याची बेरीज बघायची. ४०,००० च्या पुढे असेल तर ठीक, नसेल तर कुठला वार गेला आणि का, एवढं बघायचं.

चवथीला पाच दिवस सत्तरी तालुक्यात, ह्यांच्या मूळ घरी. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायची, पंचवीस माणसांचा स्वयंपाक, आरत्या, रात्री भजन. चालायला गेले नाही, आणि मार्चमधली मी असते तर मनातून खचले असते. पण मधल्या काळात मुलीने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासाबद्दल सांगितलं होतं. ९६ जणांना रोजची एक नवी सवय लावायला सांगितली. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ पुरले तर कोणाला २५४ पर्यंत लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा खंड पडला नाही. चुकलेला एक दिवस आणि सोडून दिलेला व्यायाम यांत माझ्या मनात आजवर फरकच नव्हता, तो तेव्हा पडला. पाच दिवस म्हणजे एक दिवस नव्हे हे मान्य. म्हणून निघतानाच वहिनींना सांगून ठेवलं होतं, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पाच वीस. आणि गेले.

एक तक्रार मात्र आहे, आणि ती अशा सगळ्याच बँडांबद्दल. चालण्यापलीकडचा व्यायाम याला नीट कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायामही सांगते. आमच्या वयाला बायकांची हाडं आणि मांड्या दोन्ही सांभाळायला हव्यात, तेव्हा तो चालण्याइतकाच हवा. मी खुर्चीवरून हात न टेकता उठबस करते, भिंतीला हात लावून दंड काढते. घाम येतो, बँड पंधरा पावलं दाखवतो. जे मोजलं जात नाही ते मागे पडतं, माझंही मे महिन्यापर्यंत पडलंच. मग वेळ ठरवण्याऐवजी ते कामाला बांधलं: मंगळवारी आणि शुक्रवारी कुकर गॅसवर चढला की उठबस सुरू, तिसरी शिट्टी झाली की थांबायचं. कुकर तर लावावाच लागतो, त्यामुळे विसरायला होत नाही. बँड त्या वेळी फ्रिजवर.

सप्टेंबरअखेर पुन्हा रक्त तपासलं, ५.८. वजन अडीच किलो उतरलं. हे सगळं चालण्याने झालं असं मी म्हणणार नाही. भात खरोखर निम्मा केला होता आणि संध्याकाळच्या चहाबरोबरचा पाव बंद होता. पण आमच्या घराचे तीन जिने चढताना मध्ये थांबावं लागत नाही, ते मात्र मला चालण्याचंच वाटतं.

घ्यावा का? सुरुवात करायची असेल आणि आपण दिवसभरात किती कमी हलतो ते एकदा डोळ्यांनी बघायचं असेल तर जरूर घ्या, यापेक्षा महागाची गरज नाही. तुम्ही आधीच नियमाने चालत असाल तर तेच पैसे चांगल्या बुटांत घाला, पावसात तळवा घसरणार नाही असे. आणि एखादा आकडा मोडला की अन्न गोड लागत नाही असा स्वभाव असेल तर घेतल्या दिवशीच तो सलग दिवसांचा भाग बंद करून टाका.

पट्ट्याचं बंदाजवळचं टोक गेल्या आठवड्यात चिरलंय. दुसरा मागवलाय, या वेळी कापडी, तो लवकर वाळतो म्हणतात. येईपर्यंत बँड खणात आहे. सध्या पाच वीसला चांगला काळोख असतो, वहिनी टॉर्च आणतात.