सीडी वाचतो, डीव्हीडी वाचत नाही : जुन्या लॅपटॉपचे सात महिने

परवा आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू त्यांचा जुना लॅपटॉप भंगारवाल्याला द्यायला निघाल्या होत्या. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "अगं, इन्स्टॉलेशनची डीव्हीडीच घेत नाही. दुकानदार म्हणाला, बोर्ड गेलाय." अगदी हेच वाक्य मी गेल्या ऑक्टोबरात ऐकलं होतं, आणि त्यापायी अठ्ठावीसशे रुपये मोजायच्या बेतात होते. म्हणून हे लिहायला बसले. लांबलंय, पण ज्यांच्या कपाटावर असं एखादं यंत्र धूळ खात पडलंय, त्यांनी ते टाकायच्या आधी वाचावं.

लॅपटॉप पुण्याला तपकीर गल्लीत घेतला, दसऱ्याच्या आधी, साडेचार हजारांना. कोअर टू ड्युओ टी ७२५०, २ जीबी रॅम, १६० जीबीची हार्डडिस्क, चौदा इंची पडदा. म्हणजे २००७-०८ चा माल. कंपनीचं नाव लिहीत नाही. इतक्या जुन्या यंत्राची झीज कंपनीच्या माथी मारणं बरोबर नाही. मला मिरजेत शिकवणीच्या प्रश्नपत्रिका मराठीत टाइप करायच्या असतात आणि थोडं नेट बघायचं असतं, तेवढ्यासाठी तीस हजार घालायची माझी तयारी नव्हती. आत विंडोज ७ होतं. त्याचा सपोर्ट २०२० च्या जानेवारीतच संपलाय, आणि विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. तेव्हा सरळ लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली, टाकायचं ठरवलं. प्रोसेसर चौसष्ट बिटचा आहे, त्यामुळे अडचण यायचं कारण नव्हतं.

अडचण आली ती डीव्हीडीपाशी.

पहिली डीव्हीडी नेट कॅफेतल्या मुलाने लिहून दिली. त्याने आयएसओ फाइल (अख्ख्या डीव्हीडीची एकाच फाइलमधली प्रत) जशीच्या तशी कॉपी केली होती. डीव्हीडी उघडली की आत एकच मोठी फाइल दिसली तर ती डीव्हीडी बूट होणार नाही, म्हणजे तिच्यावरून लॅपटॉप सुरू होणार नाही. इमेज म्हणून लिहिलेली असेल तर आत वेगवेगळे फोल्डर दिसतात. हे कळल्यावर दुसरी लिहून घेतली. लॅपटॉप सुरू होताना एफ१२ दाबून, कशावरून बूट व्हायचं त्या यादीतून ड्राइव्ह निवडला. ड्राइव्ह घूंऽऽ करून फिरला, थांबला, पुन्हा फिरला, मध्ये टक्-टक् असा बारीक आवाज आला, आणि पडद्यावर विंडोज ७. ना कुठली एरर, ना कुठला संदेश.

मग बायोसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) जाऊन बूटचा क्रमच बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर क्रम पुन्हा पहिल्यासारखा आणि तारीख कुठल्या कुठे मागे गेलेली. बायोसचा सेल संपला होता. सीआर २०३२, चपटा, नाण्याएवढा, घड्याळवाल्याकडे चाळीस रुपयांना मिळाला. मागचे सहा स्क्रू काढून बसवला. तारीख टिकायला लागली, क्रमही टिकला. डीव्हीडी मात्र तशीच.

तिसरी डीव्हीडी मी स्वतः शिकवणीच्या डेस्कटॉपवर लिहिली. डाउनलोड केलेल्या फाइलचा चेकसम (फाइल नीट उतरलीय का ते दाखवणारा आकडा) जुळवून पाहिला, वेग मुद्दाम चार एक्स ठेवला. त्याच डेस्कटॉपमध्ये ती घातली तर मिनिटाभरात मिंट सुरू झालं. म्हणजे डीव्हीडीत दोष नाही. माझ्या लॅपटॉपमध्ये मात्र पुन्हा तेच टक्-टक्.

"मावशी, आता डीव्हीडी कोण वापरतं? पेनड्राइव्ह घे," असं म्हणून भाच्याने पेनड्राइव्ह करून दिला. एफ१२ च्या यादीत तो दिसला. निवडल्यावर काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ, पंधरा मिनिटं तशीच. त्यावरून मी ठरवून टाकलं की यंत्रातच खोट आहे आणि तपकीर गल्लीतल्या माणसाने मला फसवलं. त्याने तर घेताना माझ्यासमोर गाण्यांची सीडी लावून दाखवली होती, म्हणाला होता, "ताई, ड्राइव्ह एकदम ओके." त्या आठवड्यात मी त्याच्याबद्दल घरात फार वाईट बोलले.

मग इथल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. तीनशे रुपये चेकिंगचे, दोन दिवस ठेवून घेतला. निदान: बोर्डावरची आयसी (चिप) गेली, बदलायला अठ्ठावीसशे. साडेचार हजारांच्या लॅपटॉपला अठ्ठावीसशे! मी विचारलं, आयसी गेलीय तर विंडोज ७ कसं चालतंय? "मॅडम, ते चालेल, पण बूट नाही घेणार." यावर काय बोलावं मला सुचलं नाही. लॅपटॉप उचलला आणि घरी आले.

उलगडा झाला भाऊबीजेला. वन्सं आल्या होत्या. सासूबाईंनी कपाटातून त्यांच्या लग्नाच्या सीड्या काढल्या, २००५ सालच्या, फोटोग्राफरने दिलेल्या तीन व्हीसीडी. घरातला व्हीसीडी प्लेअर केव्हाच मोडीत गेलाय. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या त्या लॅपटॉपात लावून बघ गं एक." मी नाइलाजानेच लावली. ड्राइव्ह फिरला. टक्-टक् नाही, काही नाही. फोल्डर उघडला, आतली डॅट फाइल प्लेअरमध्ये ओढली आणि मंगलाष्टकं सुरू झाली. चित्र पुसट, कडा फुटलेल्या, पण आवाज स्वच्छ. मामंजी जाऊन सहा वर्षं झाली, ते त्यात अक्षता वाटत हिंडत होते. सासूबाई पडद्याला नाक लावून बसल्या. तिन्ही सीड्या शेवटपर्यंत चालल्या, एकदाही अडकल्या नाहीत.

सगळे जेवायला बसले तरी माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. ड्राइव्ह वाचतोय. मग मिंटची डीव्हीडी का वाचत नाही?

याचं उत्तर मला माहीत असतं तर तीनशे रुपये आणि तीन आठवडे वाचले असते, म्हणून सविस्तर सांगते. डीव्हीडी ड्राइव्हमध्ये लेन्स बहुधा एकच असते, पण लेसर दोन असतात. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल. सीडीवर माहिती गोल वळशांत लिहिलेली असते, तिथे दोन वळशांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, डीव्हीडीवर ०.७४, म्हणजे निम्म्याहून कमी. लाल लेसर थकला तरी इन्फ्रारेड ठणठणीत राहू शकतो. असा ड्राइव्ह गाण्यांची सीडी लावेल, व्हीसीडी लावेल, आणि डीव्हीडी घातली की रिकाम्या ट्रेसारखा वागेल. सीडीवरून बूट व्हायची पद्धत १९९५ सालची आहे, एल टोरिटो नावाची. त्यात बायोस तबकडीवरच्या १७ क्रमांकाच्या सेक्टरमध्ये (एका ठरलेल्या कप्प्यात) बूटची नोंद शोधतो. ती वाचता आली नाही तर माझा बायोस तक्रार न करता सरळ यादीतल्या पुढच्या डिस्ककडे जातो. एरर का येत नव्हती ते इथे कळलं.

तपकीर गल्लीतला माणूस खोटं बोलला नव्हता. त्याने सीडी लावून दाखवली, ती चालत होतीच. त्याच्याबद्दल जे बोलले ते मी परत घेते. तुम्ही जुना लॅपटॉप घ्यायला जाल तेव्हा मात्र एक सीडी आणि एक डीव्हीडी, दोन्ही बरोबर न्या आणि दोन्ही लावून बघा.

आता प्रश्न सीडीवर मावेल असं काय टाकायचं हा होता. मिंट जवळपास तीन जीबीचं, सीडी ७०० एमबीची. डेबियन १२ ची (हेही लिनक्सच) नेटइन्स्टॉल इमेज सीडीत बसते. बाकीचं सामान ती नेटवरून उतरवून घेते. कोऱ्या सीड्या मिळवायला दोन दुकानं हिंडले. शेवटी एका स्टेशनरीवाल्याने माळ्यावरून धुळकटलेला गठ्ठा काढला, दहा रुपयांना एक. सगळ्यांत कमी वेगावर लिहिली. रात्री साडेदहाला घातली, एफ१२ दाबलं. ड्राइव्ह फिरला, एकसारखा, न अडखळता. काळ्या पडद्यावर आयसोलिनक्सची (सीडीवरून लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) एक पांढरी ओळ चमकली आणि डेबियनचा मेनू उघडला. भाषांच्या यादीत मराठी होती. मी ह्यांना झोपेतून उठवून तो पडदा दाखवला.

त्या सीडीची एक मोठी सोय म्हणजे डेबियन १२ पासून वायफायचं फर्मवेअर (कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) मूळ इमेजमध्येच असतं. माझ्या जुन्या इंटेल कार्डासाठी वेगळं काही शोधावं लागलं नाही. एक्सएफसीई नावाचा हलका डेस्कटॉप घेतला. रात्री दीड वाजेपर्यंत सगळं बसलं.

इथे थांबता आलं असतं, पण बोर्डाचा आरोप माझ्या डोक्यातून जात नव्हता. आधी लेन्स साफ केली. ट्रे बाहेर ओढला की लेन्स वरच दिसते, मसुरीच्या दाण्याहून थोडी मोठी, निळसर झाक असलेली. ती नाजूक तारांवर तरंगती असते, दाबली की खाली जाते, म्हणून बोटाचा भार अजिबात द्यायचा नाही. कान कोरायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब लावला आणि मधून कडेकडे हळूच गोल फिरवली. काडीचं टोक करडं झालं. त्यानंतर सीडी पूर्वीपेक्षा लवकर उघडायला लागली. डीव्हीडी तरीही नाही. म्हणजे दोष धुळीचा नव्हता, लेसरचाच होता.

मग एका मैत्रिणीकडून यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह आणला. तीच तिसरी डीव्हीडी, तोच लॅपटॉप, तोच बोर्ड, आणि मिंट सरळ बूट झालं. मी फोनवर व्हिडिओ काढला आणि तो घेऊन त्या दुकानात गेले. मालकांनी पाहिला. म्हणाले, "मॅडम, आम्ही बोर्ड बघतो. लेन्स-बिन्स बघत बसलो तर धंदा कसा होणार?" चेकिंगचे तीनशे परत मागितले. बराच वेळ वाद झाला, गिऱ्हाईकं वळून बघायला लागली तेव्हा दीडशे हातावर ठेवले. मला पूर्ण तीनशे हवे होते आणि अजूनही हवे आहेत. न तपासलेल्या गोष्टीचं निदान छातीठोकपणे सांगून बाईमाणसाच्या गळ्यात अठ्ठावीसशेचं काम मारायचं, हे मला पटत नाही. काकूंनाही त्याच वाक्यावर वाटेला लावलंय.

डिसेंबरात पेनड्राइव्हचंही कोडं सुटलं, आणि इथे मला माझं आधीचं मत बदलावं लागलं. भाच्याने पेनड्राइव्ह रुफसमध्ये (बूटचा पेनड्राइव्ह करायच्या प्रोग्रॅममध्ये) जीपीटी पद्धतीने केला होता. ती यूईएफआय (बायोसच्या जागी आलेला नवा प्रोग्रॅम) असलेल्या नव्या यंत्रांसाठी. माझ्या लॅपटॉपला फक्त जुना बायोस आहे. तोच पेनड्राइव्ह एमबीआर ही जुनी पद्धत निवडून पुन्हा केला तर पहिल्या फटक्यात बूट झाला. म्हणजे यंत्र पहिल्या दिवसापासून ठीक होतं. एका ठिकाणी लेसर थकलेला आणि दुसऱ्या ठिकाणी पर्याय चुकीचा, आणि दोन्ही एकाच आठवड्यात घडल्यामुळे खापर बोर्डावर फुटलं.

नवा ड्राइव्ह घ्यावा का, यावर घरात चर्चा झाली. नेटवर स्वस्त दिसतात, पण घाईने मागवू नका. माझा आयडीई या जुन्या जोडणीचा आहे आणि सध्या मिळतात ते बहुतेक साटा या नव्या जोडणीचे. जाडीतही १२.७ आणि ९.५ मिलिमीटर असे दोन प्रकार येतात. आपला काढून मोजल्याशिवाय पैसे घालवायचे नाहीत. मी घेतलाच नाही. सीडी वाचणारा ड्राइव्ह मला पुरतो. वन्संच्या लग्नाच्या तिन्ही सीड्या हार्डडिस्कवर उतरवल्या. मग ओळखीच्या चार घरांतल्या मुंजी-बारशांच्या व्हीसीडी माझ्याकडे आल्या, त्याही उतरवून दिल्या. ज्या ड्राइव्हला मी शिव्या घातल्या, त्याचंच सध्या सगळ्यांत जास्त काम होतंय.

बाकी वापराबद्दल थोडक्यात. कीबोर्ड उत्तम, कळ खोल दबते, इन्स्क्रिप्टमध्ये (मराठी टायपिंगच्या कळमांडणीत) दोन-दोन तास टाइप करून बोटं दुखत नाहीत. आत १२० जीबीचा एसएसडी (हार्डडिस्कहून वेगवान साठवण) टाकला आणि रॅम चार जीबी केली, दोन्ही मिळून सोळाशे. त्यानंतर लिब्रे ऑफिस चटकन उघडतं. बॅटरी वीस-पंचवीस मिनिटं, म्हणजे लाइट गेली तर फाइल सेव्ह करण्यापुरती. यूट्यूब ४८० वर नीट चालतं, त्याच्या वर नेलं की पंखा ओरडतो, कारण यातल्या ग्राफिक्सला आजचे व्हिडिओ उलगडता येत नाहीत आणि सगळा भार प्रोसेसरवर पडतो. एप्रिलपासून खाली दोन वह्यांचं टेकण देऊन वापरते आहे.

काकूंचा लॅपटॉप आता माझ्या टेबलावर आहे. भंगारवाल्याला परत पाठवलं. यांचा ड्राइव्ह सीडीही वाचत नाही, मी लेन्स पुसून पाहिली. पण एफ१२ च्या यादीत पेनड्राइव्ह दिसतोय. बायोसचा सेल आज आणलाय, रविवारी काकूंना शेजारी बसवून करणार आहे.