पाच पैशांच्या करतिकिटांचा गठ्ठा : ‘शरणार्थी सहायता’ लिफाफ्यांचे परीक्षण

पुण्यातील एका जुन्या टपालसाहित्याच्या विक्रेत्याकडून १९७१ ते १९७३ या काळातील वापरलेल्या लिफाफ्यांचा शंभर नगांचा गठ्ठा मी पाचशे रुपयांना घेतला. कोरी तिकिटे, प्रथम दिवस आवरणे (तिकीट निघण्याच्या दिवशीचा शिक्का असलेले लिफाफे) आणि मिनिएचर शीट (तिकिटांची छोटी सचित्र पाने) यांवर आपले संग्राहक सढळ हाताने खर्च करतात. मात्र या लिफाफ्यांवर नेहमीच्या तिकिटाशेजारी निर्वासितांसाठीच्या कराचे जे पाच पैशांचे तिकीट आहे, त्या करतिकिटाकडे बहुतेक जण ढुंकूनही पाहत नाहीत, आणि म्हणूनच असा गठ्ठा अजून या भावात मिळतो.

पूर्व पाकिस्तानातून आलेल्या सुमारे एक कोटी निर्वासितांच्या मदतीसाठी केंद्र सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ पासून, पोस्टकार्डे व वर्तमानपत्रे वगळता, टपालावर पाच पैशांचा अधिभार लावला आणि तो ३१ मार्च १९७३ पर्यंत चालू राहिला. स्वतंत्र तिकीट १ डिसेंबरला निघाले. तोपर्यंतची सोय म्हणून कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर ‘शरणार्थी सहायता’ आणि त्याचा इंग्रजी प्रतिशब्द छापण्यात आला. परंतु ही तिकिटे सर्व कार्यालयांत वेळेवर पोहोचणे शक्य नसल्याने स्थानिक पोस्टमास्तरांना स्वतःच ओव्हरप्रिंट करण्याची, म्हणजे छापील तिकिटावर ही अक्षरे उमटवण्याची, मुभा देण्यात आली. बंगळूर व जयपूर येथील छपाई कॅटलॉगमध्ये नोंदवलेली आहे. त्यापलीकडे रबरी आणि धातूच्या शिक्क्यांचे शेकडो प्रकार आहेत, काही ठिकाणी तर टंकलेखन यंत्राने किंवा हातानेच अक्षरे लिहिली गेली. एवढे वैविध्य असलेले आणि तरीही सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारे दुसरे क्षेत्र स्वतंत्र भारताच्या तिकिटांत मला माहीत नाही.

गठ्ठ्यातील बहुसंख्य लिफाफ्यांवर अपेक्षेप्रमाणे डिसेंबरनंतरचे नेहमीचे तिकीट आहे. खरा ऐवज आहे तो नोव्हेंबरच्या उत्तरार्धातील मोजक्या लिफाफ्यांत. त्यांपैकी एकावर नॅट या लढाऊ विमानाचे चित्र असलेले वीस पैशांचे तिकीट आहे, म्हणजे त्या वेळचा पत्राचा साधा दर, आणि शेजारी अधिभाराचे तिकीट. त्यावरील जांभळ्या शाईचा रबरी शिक्का तिरका बसला असून ‘सहायता’मधील शेवटचे अक्षर तिकिटाच्या दातांवरून घसरून लिफाफ्यावर उतरले आहे. भिंगाखाली पाहिले असता टपालाच्या शिक्क्याची काळी शाई जांभळ्या अक्षरांवरून स्पष्टपणे गेलेली दिसते. त्याच महिन्यात, २२ नोव्हेंबरला, पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरील बोयरा येथे भारतीय नॅट विमानांनी पाकिस्तानी सेबर लढाऊ विमाने पाडली होती. त्यामुळे ही दोन तिकिटे शेजारी शेजारी पाहताना मी बराच वेळ त्या लिफाफ्यावरच थांबलो.

काळ्या शाईचा हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण रबरी शिक्का कोणालाही करून घेता येतो आणि सुट्या तिकिटांवर नकली ओव्हरप्रिंट मारणे अगदी सोपे आहे. अक्षरे टपालशिक्क्याच्या खाली असणे, तारीख वाचता येणे आणि टपालाचा शिक्का तिकिटावरून लिफाफ्यापर्यंत पसरलेला असणे, या तिन्ही गोष्टी जुळल्याखेरीज जास्तीचे पैसे मोजू नयेत. तिकीट पाण्यात भिजवून सोडवणाऱ्यांनी हा गठ्ठा मुळीच घेऊ नये. लिफाफ्यावरून उतरवलेल्या तिकिटाबरोबर गाव, तारीख आणि दर हे सगळे पुरावे नाहीसे होतात.

उणिवाही आहेत. विक्रेत्याने पोस्टकार्डे भरीला घातली आहेत, ज्यांवर हा कर नव्हताच. अनेक व्यापारी लिफाफ्यांना फाइलची भोके आहेत, काहींचा कोपरा तिकिटासकट कापलेला आहे, आणि नोव्हेंबरचे लिफाफे वेगळे काढून न ठेवल्याने सगळा गठ्ठा स्वतः चाळावा लागतो. मला ते काम आवडते. नवख्याला कंटाळवाणे वाटू शकेल. तरीही या किमतीत गठ्ठा निश्चितच घेण्याजोगा आहे, विशेषतः शाळकरी मुलांना तिकीटसंग्रहाकडे वळवू पाहणाऱ्या पालकांनी तो घ्यावा, कारण प्रत्येक लिफाफ्यावर तारीख, गाव आणि दर मुलांना स्वतः शोधून काढता येतात. पुढच्या खेपेसाठी मी विक्रेत्याकडे फक्त आंतर्देशीय पत्रे मागितली आहेत. त्यांवर पंधरा पैशांच्या छापील तिकिटाशेजारी हे पाच पैसे वेगळे चिकटवावे लागत, आणि छोट्या गावांतील टपाल कार्यालयांचे हाताने केलेले ओव्हरप्रिंट तिथे सापडण्याची मला अधिक आशा आहे.