दांडे-गोळ्यांचा किल्ला: आठ महिन्यांच्या वापरानंतर

प्लास्टिकचे दांडे भोकांच्या गोळ्यांत खोचून मुलांना आत बसता येईल एवढा किल्ला उभारण्याचा हा संच मी मागच्या जूनमध्ये घेतला, तेव्हा सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो ‘ठेवायचा कुठे?’ हाच, कारण आमचे परळचे घर दोन खोल्यांचे आहे. (दिवाणाखाली मावतो.) पाच वर्षांपुढील मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी दमवणारी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, मुंबईच्या पावसाळ्यात ती घरातच घडवावी लागते.

पहिले तीन आठवडे भांडणांतच गेले. आठ वर्षांची ताई बांधणार आणि पाच वर्षांचा धाकटा दांडे आणून देणार, अशी वाटणी तिने परस्पर केली होती. हमालीला कंटाळला की तो एखादा खांब उपसून पळत असे. शेजारी-शेजारी खेळणे आणि मिळून खेळणे या वेगळ्या अवस्था आहेत, हे मुलांच्या खेळाच्या अभ्यासक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्येच मांडले होते. आमच्याकडे किल्ला एक असला, तरी खेळ दोन चालले होते.

फरक पडला तो छपरामुळे. आडवा दांडा एका टोकाला खोचताना दुसरे टोक कोणीतरी धरून ठेवले नाही तर निसटते, आणि ताईचे हात तेवढे पुरत नाहीत. मी मुद्दाम स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही (तेच सर्वांत कठीण गेले). अखेर ‘धर ना रे जरा’ अशी विनवणी ऐकू आली आणि त्यावर ‘आधी माझा दरवाजा’ हे उत्तर. तेव्हापासून दाराची जागा धाकटा ठरवतो. दिवाळीनंतर त्याच सांगाड्यावर माझी जुनी साडी चिमट्यांनी ताणून दोघांनी लोकल केली. मोटरमन तो आणि ‘पुढील स्टेशन दादर’ म्हणणारी ती.

तक्रारीही आहेत. नऊ गोळ्यांना चिरा गेल्या असून सुटे गोळे मिळत नाहीत. खोक्यावर ‘तीन वर्षांपासून’ असे लिहिले आहे, पण घट्ट बसलेला दांडा पाच वर्षांच्या मुलालाही उपसता येतोच असे नाही. फरशीवर दांडा पडला की खालच्या काकूंची दुपारची झोप मोडते, म्हणून आम्ही आता सतरंजी अंथरतो.

भावंडांमध्ये दोन-चार वर्षांचे अंतर असेल तर संच जरूर घ्यावा. मूल एकटे असेल, तर छप्पर धरायला तुम्हालाच बसावे लागेल.